चौथऱ्यातला दगड

अनुजाचं लग्न झालं ते दोन हजार तेवीस साल. वैशाखात नात सासरी गेली आणि दिवाळीची पणती विझते न विझते तोच मोरेश्वर चाळीच्या तोंडावरल्या क्रुसाला नोटीस लागली. कमलला त्या प्रकरणाचं साल विचारलं, तर ती आधी नातीचं लग्न सांगते आणि मग नोटिशीवर येते.

मोरेश्वर चाळ चिंचपोकळीला. हमरस्त्यावरून गल्ली आत वळते, तिथे कोपऱ्यावरच हा क्रूस. कमरेइतका चौकोनी चौथरा, त्यावर माणसाच्या उंचीचा सिमेंटचा क्रूस, सगळ्याला पांढरा रंग. चौथऱ्याच्या पुढच्या अंगाला ओल्या सिमेंटात खिळ्याने आकडे ओढलेले: १९८३. चाळीत ख्रिस्ती घर आता एकच, तळमजल्यावरचं वॉल्टर आणि नॉर्माचं. बाकीची बिऱ्हाडं वसईला गेली, काही त्याहून लांब. तरी क्रुसापुढच्या मेणबत्त्या कमी झाल्या नव्हत्या. मे महिन्यात तिथे प्रार्थना व्हायची, नॉर्मा उकडलेले चणे वाटायची आणि हात पुढे करणाऱ्यांत निम्म्याहून जास्त कोकणातले हिंदू असायचे. कमल घरच्या देवाला दिवा लावून झाला की खाली उतरून एक मेणबत्ती इथे लावायची. चाळीस वर्षांत तिचा हा नेम फारसा चुकला नव्हता, कारण तो क्रूस तिच्या नवऱ्याने बांधला होता.

बुधाजी धुरी गिरणीत साचेखात्यात, मागावर कामाला. संप सुरू झाला, गिरणी बंद पडली, माणूस घरी बसला. दुसऱ्या वर्षी एका ट्रकने मागे येताना कोपऱ्यावरच्या जुन्या क्रुसाला धडक दिली. तो लाकडाचा होता, मधोमध मोडला आणि खालचा चौथराही फुटला. वॉल्टर तेव्हा बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने पाण्यावर. नॉर्मा बाळंतपणाला माहीमला आईकडे गेलेली. बुधाजीने गावी चिऱ्याची घरं बांधलेली होती. त्याने संपात बसलेले चौघे जमवले आणि आठ दिवसांत नवा चौथरा, नवा क्रूस उभा केला. शेवटच्या दिवशी खिळा घेऊन त्यावर साल टाकलं. विहिरीचा कठडा असो की घराचं जोतं, बांधणारा ज्या वर्षी बांधतो ते वर्ष लिहितो, एवढंच त्याला ठाऊक होतं. जुन्या चौथऱ्यातल्या दगडावर कोणतं साल होतं हे ना त्याने पाहिलं, ना त्या चौघांनी.

तेच साल आता अंगावर आलं होतं. नोटिशीत दोनच गोष्टी होत्या. कोपरा रुंद करायचा आहे. बांधकाम साठ वर्षांहून जुनं असल्याचा पुरावा आठ डिसेंबरपर्यंत मिळाला तर ते जागेवर राहील, नाहीतर हटवलं जाईल.

रविवारी सकाळी मंडळाच्या शेडमध्ये सभा भरली. क्रुसाच्या बरोबर समोर ही पत्र्याची शेड, चाळीच्या मुलांनी वर्गणीतून उभी केलेली. अध्यक्ष चिंतामणी, बँकेतून निवृत्त झालेले, शर्टाचं वरचं बटण कधी न उघडणारे. त्यांनी नोटीस दोनदा वाचली.

"सभेपुढे विषय एकच आहे," ते म्हणाले. "पुरावा आहे की नाही. भावना सर्वांनाच आहेत, त्या इथे मांडू नयेत."

"मग मांडायचं काय, चहा?" मागून कोणीतरी म्हणालं. दोघेतिघे हसले.

वॉल्टर उठला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा उंच, वाकलेला माणूस. हातात कागद होते, पण त्यात पुरावा नव्हता. "चर्चमध्ये जाऊन आलो मी. रस्त्यावरच्या क्रुसांची नोंद त्यांच्याकडे नाही. फादरनी पत्र दिलंय, लोक जे करतील त्याला हरकत नाही म्हणून. फोटो होते आमच्याकडे. दोन हजार पाचच्या पाण्यात पेटी भिजली, सगळ्यांचा लगदा झाला."

"साल कुठलं म्हणालात, अंकल?"

"प्लेगचं. माझ्या आजोबांनी बसवला. या गल्लीतली माणसं पटापट जात होती, तेव्हा. जुन्या चौथऱ्यात काळा दगड होता, त्याच्यावर आजोबांचं नाव आणि साल." त्याने कागदांची घडी केली. "मी बोटीवरून आलो तेव्हा नवा क्रूस उभा होता. दगड कुठे गेला ते मी विचारलं नाही. लोकांनी आपल्या हाताने एवढं केलंय, वर दगड कुठे म्हणून काय विचारायचं?"

मग निलेश बोलला. निलेश मंडळाचा सेक्रेटरी, चाळिशीचा. रक्तदान असो, लसीचा कॅम्प असो की मयतीला गाडी बोलवायची असो, चाळीत पहिला फोन त्याला जायचा. त्याचं बोलणं लोक ऐकायचे.

"अंकल, राग मानू नका. गेल्या वर्षी बाबांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा अॅम्ब्युलन्स या कोपऱ्यावर वळली नाही. खुर्चीत बसवून सिग्नलपर्यंत नेलं मी त्यांना. वाचले ते नशीब. हा कोपरा मोठा व्हायलाच पाहिजे. आपण स्वतःहून म्हणू, क्रूस आत चौकात घेतो, मानाने. पोरं बांधून देतील. मशीन लावून कोणी पाडण्यापेक्षा बरं."

"मानाने हलवलेला देव देवच असतो ना," चिंतामणी म्हणाले आणि स्वतःच घातलेला नियम मोडल्यासारखे नोटिशीत बघायला लागले.

वॉल्टरने नॉर्माकडे पाहिलं. नॉर्मा मान खाली घालून बसली होती. "आजोबांनी इथे बसवला म्हणून तो इथे," ती हळूच म्हणाली. "चौकात नेला तर नुसता चौकातला होईल."

कमल इतका वेळ दाराशी उभी होती. सभेत बोलायची तिला सवय नव्हती. तरी ती पुढे आली.

"दगड आत आहे," ती म्हणाली.

"कशाच्या आत, काकी?"

"चौथऱ्याच्या. ह्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं. मी चहा घेऊन गेले होते. म्हणाले, जुनो दगड आत बसवलंय, देवाचो दगड फेकूचो कसो."

शेडमध्ये कुजबुज सुरू झाली. निलेशने कपाळावरून हात फिरवला. "काकी, चाळीस वर्षं झाली. तुम्ही पाहिला का आत घालताना?"

"पाहिला नाही. ह्यांनी सांगितलं."

"मग काकांनाच विचारू."

हे बोलून झाल्यावर निलेशला चूक उमगली, कारण बुधाजीला विचारणं म्हणजे काय हे चाळीत सगळ्यांना माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी बुधाजीची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही गेलं होतं. एकच शब्द उरला होता. तरी पाचजण कमलच्या खोलीत वर गेले. बुधाजी खाटेवर उशीला टेकून बसला होता. त्याने सगळ्यांकडे पाहिलं, वॉल्टरला पाहून डावा हात उचलला.

कमल खाली बसली. "अवो, खालचो क्रूस बांधलात तेव्हा जुनो दगड आत घातलात ना तुमी?"

"व्हय," बुधाजी म्हणाला.

लोकांनी सुस्कारा सोडला. चिंतामणी मात्र पुढे झाले. काम चोख व्हावं असं वाटणारा माणूस. "बुधाजीराव, की तो दगड बाहेर टाकून दिला?"

"व्हय."

"ट्रकवाला घेऊन गेला?"

"व्हय," बुधाजी म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण आपला शब्द आपल्याला हवा तसा बाहेर पडत नाही हे त्याला कळत होतं.

"बास करा," कमल म्हणाली.

जिन्यात निलेश तिच्या मागोमाग उतरला. "काकी, एक सांगतो, शांतपणे ऐका. चौथरा फोडला आणि आत काही निघालं नाही, तर काय होईल? पुरावा नाहीच, वर आपल्या हातानं क्रूस फोडला. कोणी फोटो काढला, मोबाईलवर फिरवला, मोरेश्वर चाळवाल्यांनी क्रूस तोडला म्हणून. उद्या इथे बाहेरची माणसं येतील, दोन्हीकडची. आपण इथे राहतो काकी. ते येतील आणि जातील."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच त्या रात्री कमलला झोप आली नाही. नवऱ्याच्या एका वाक्यावर तिने सगळी चाळ उभी केली होती. ते वाक्य संपाच्या दिवसांतलं, तेव्हा माणसं एकमेकांना धीर द्यायला काहीही बोलायची. बायकोचं मन राहावं म्हणून बुधाजी तसं बोलला असेल, आणि दगड फुटक्या विटांच्या रॅबिटाबरोबर हातगाडीवर घालून गेलाही असेल.

वॉर्ड ऑफिसातून पाहणीला आलेल्या इंजिनियर मेघना मॅडम, तिशीच्या आतबाहेर, सदा घाईत. चिंतामणींनी त्यांना अर्ज दिला. मॅडमनी वाचून चष्मा वर केला. "तुम्ही चौथरा माझ्यासमोर उघडा. शुक्रवारी सकाळी अकरा. आधी हात लावाल तर मी काही मान्य करणार नाही, दगड बाहेरून आणून ठेवला असं कोणीही म्हणेल. आणि उघडताना तो क्रूस झुकला, तर मला त्याच दिवशी धोकादायक म्हणून उतरवावा लागेल. पटतंय का?"

"पटतंय," वॉल्टर म्हणाला. कमलनेही मान हलवली. निलेश तेवढा मान न हलवता निघून गेला.

पण शुक्रवारी सकाळी आठला निलेशच सगळ्यांत आधी खाली होता. मंडपाची कनात आणून त्याने क्रुसाभोवती चारी बाजूंनी उभी केली होती. बाहेर मंडळाची पंधरा माणसं उभी केली. "फोन खिशात," तो प्रत्येकाला सांगत होता. "ज्याचा फोन बाहेर दिसेल त्याचा मी घेईन, मग माझ्या बापाचा असला तरी." येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटत होतं, चाळीत कोणी गेलं. दोघांनी येऊन विचारलंही.

राजाराम गवंडी करी रोडवरून आला. सावकाश बोलणारा, तंबाखूची गोळी गालात ठेवणारा. त्याने क्रुसाला चारी बाजूंनी बांबूचे टेकू दिले, दोर बांधले, दोराखाली पोती घातली, रंग खरवडला जाऊ नये म्हणून. अकराला मेघना मॅडम आल्या, मग छिन्नी-हातोडा वॉल्टरपुढे धरला.

"पहिला घाव घरच्या माणसाचा. मी सुरू करणार नाही."

वॉल्टरने छातीवर क्रुसाची खूण केली. हातोडा घेतला. त्याने चौथऱ्याला हातोडा नुसता टेकवला, दारावर टकटक करावी तसा, आणि राजारामला परत दिला.

"कुठे फोडू, ताई?" राजारामने कमलला विचारलं.

कमलने त्या दिवशीचं सगळं आठवून पाहिलं होतं. चहाची किटली, दुपारचं ऊन, बुधाजी कुठे बसला होता. "पुढून," ती म्हणाली. "साल लिहिलंय त्याच्या खाली. तिथेच बसले होते."

राजारामने हातभर लांबीचं भोक पाडलं. एक एक वीट काढून बाजूला ठेवली. आत विटा, विटांच्या मागे विटांचेच तुकडे. त्याने हात कोपरापर्यंत घातला, चाचपून पाहिलं. "नाही."

मेघना मॅडमनी वहीत लिहिलं. "दुसरीकडे?"

"गटाराच्या बाजूने," कमल म्हणाली. "वळून तिकडे हात धूत होते."

दुसरं भोक पडलं तेव्हा आतून आवाज आला. भरणीची वाळू सुटली आणि भोकातून सळसळत बाहेर यायला लागली. राजारामने पटकन पोतं कोंबलं. वरचा बांबू करकरला. सगळ्यांच्या माना एकदम वर गेल्या. क्रुसाच्या मुळाशी केसाएवढी चीर उमटली होती. नॉर्माच्या मुठीत जपमाळ होती, तिचे ओठ हलायचे थांबले.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी जवळ जाऊन चीर पाहिली. "आणखी एक भोक या चौथऱ्याला पडलं तर हा उभा राहणार नाही. मग मला लिहायचं ते लिहावं लागेल. साडेबारा झालेत."

"काकी, पुरे," निलेश म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "आता बुजवून टाकू. अजून मानाने हलवता येईल."

कनातीच्या आतले सगळे कमलकडे बघत होते. वॉल्टर मात्र बघत नव्हता. तो चौथऱ्याजवळ एका पायावर भार देऊन उभा होता, आणि क्रूस खाली आला तर आपल्या हातात यावा अशा बेताने त्याने दोन्ही तळवे पुढे धरले होते. ते बघून आपण हे काय करून बसलो, असं कमलला वाटलं. बुधाजी कुठे बसला होता हे ती इतके दिवस आठवत होती. पण बसायला काय, माणूस सावलीत बसतो. दगड कुठे ठेवायचा ते सावलीवरून ठरत नाही.

मग तिला गावचं घर आठवलं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सासऱ्यांनी कुडाळजवळचं जुनं घर पाडून नवं बांधायला काढलं होतं. जोत्याचे सगळे जुने चिरे कुंपणाला गेले, पण एक चिरा सासऱ्यांनी बाजूला काढला आणि नव्या पायात, ईशान्येच्या कोपऱ्यात, सगळ्यांत खाली बसवायला लावला. बसवणारा बुधाजीच होता. तिने हळदकुंकू लावून तांदूळ टाकले होते. त्यांच्याकडे तीच पद्धत, घर नवं झालं तरी जुना एक दगड पायात जायचा.

"आत नाही," ती म्हणाली. "खाली आहे. पायात. ईशान्येला."

"ईशान्य कुठली?" मॅडमनी विचारलं.

"परळकडे तोंड करून उभ्या राहा. उजव्या हाताचा पुढचा कोपरा. जमिनीखाली."

राजाराम खाली बसला. गालातली गोळी त्याने कागदात काढून ठेवली. "कोपऱ्यावरच सगळा भार आहे, ताई. तिथे हात घालायचा म्हणजे..." त्याने बाकीचं बोलणं गिळलं. मग म्हणाला, "चौथऱ्याला हात लावत नाही. बाहेरून पेव्हर काढतो आणि बाजूने उकरून बघतो. दिसला तर दिसला."

मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली.

पेव्हरचे चार ठोकळे निघाले. खाली मुरूम, मग काळी माती. राजाराम लहान थापीने माती काढत होता, आणि निलेश गुडघ्यावर बसून हातांनी ती मागे ओढत होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. वीतभर खाली गेल्यावर थापी कशावर तरी घासली. विटेवर घासली की खर्र होतं. हा आवाज टणक होता.

"पाणी," राजाराम म्हणाला.

नॉर्माने बादली आणली. माती धुतली गेली आणि पायाच्या कोपऱ्यातून बाहेर आलेला काळा दगड दिसला, उभा बसवलेला, तोंड बाहेरच्या बाजूला. अर्धा सिमेंटाने माखलेला. राजारामने तारेच्या ब्रशने तो माल हळूहळू खरवडला. दगड मोकळा झाला आणि बघणाऱ्यांच्या तोंडावरचं हसू तिथेच अडकलं.

दगडाचं तोंड टाकी लावलेल्या पाट्यासारखं दिसत होतं. वरपासून खालपर्यंत छिन्नीचे टोचे.

"गुळगुळीत दगडाला माल धरत नाही," राजाराम हळूच म्हणाला. "म्हणून टोचून घेतलाय. पक्का कामगार. मी असतो तर मीही हेच केलं असतं."

वॉल्टर खाली बसला. बसायला त्याला वेळ लागला, निलेशने दंडाला धरलं. त्याने दगडावर बोटं ठेवली आणि डावीकडून उजवीकडे फिरवली. "इथे आजोबांचं नाव होतं," तो म्हणाला. "बाबा माझं बोट धरून फिरवायचे. एक एक अक्षर. शाळेत जायच्या आधी मला तेवढीच अक्षरं यायची." त्याचं बोट खाचांमधून गेलं, पुन्हा मागे आलं. तिथे काहीच लागत नव्हतं.

कमलला कुठे बघावं कळेना. ज्या हातांनी दगड जपून पायात बसवला, त्याच हातांनी त्यावरचं नाव आधी टोचून काढलं होतं. बुधाजीला मराठी वाचता यायचं. दगडावरची अक्षरं इंग्रजी होती, त्याच्या लेखी ती नक्षी.

"मॅडम," चिंतामणी म्हणाले, "पुरावा म्हणून हा दगड..."

"नुसता जुना दगड आहे हा," मेघना मॅडम म्हणाल्या. त्यांनाही ते बोलणं जड गेलेलं दिसलं. "यावर काही वाचता येत नाही. जुना दगड कोणीही पायात घालतो."

त्या वही मिटणार तोच कमल म्हणाली, "थांबा जरा." ती कनात बाजूला सारून निघाली. अडुसष्ट वर्षांची बाई, जिना चढून वर गेली आणि रांगोळीचा डबा घेऊन खाली आली. बाहेरून मयूर म्हणून मंडळातला एक पोरगा विचारत होता, "झालं काय रे?"

कमल दगडाजवळ बसली. पदराने दगड कोरडा केला. मग चिमूटभर पांढरी रांगोळी घेऊन तळाशी, जिथे टोचे विरळ होते, तिथे तळव्याने घासली आणि वरची फुंकून टाकली. काळ्या दगडात भरलेली रांगोळी तेवढी राहिली. आधी टोच्यांच्या पांढऱ्या टिकल्याच दिसल्या. तिने आणखी खाली घासली.

एक सरळ उभी रेघ आली. तिच्या शेजारी एकावर एक दोन गोल. पुढच्या आकड्यावर छिन्नी पडली होती, त्याचं काही राहिलं नव्हतं. शेवटच्या आकड्याची नुसती वरची कड होती, तो सात असेल, नऊ असेल, काहीही असेल.

मेघना मॅडमनी मोबाईलची बत्ती तिरपी धरली. गुडघे चिखलात टेकवले. बराच वेळ त्या बघत राहिल्या.

"एक आणि आठ," त्या म्हणाल्या. "पुढचं लागत नाही."

"म्हणजे?" निलेशने विचारलं.

"म्हणजे अठराशे काहीतरी. साठ वर्षं मोजायला एवढं पुरतं." त्यांनी दगडाशेजारी पट्टी ठेवून फोटो काढले. त्या दिवशी कनातीच्या आत निघालेले फोटो एवढेच. "माझ्यासमोर पायातून निघालाय, मूळ मालात बसलेला आहे. पंचनामा करते. पाच सह्या लागतील."

नॉर्मा रडायला लागली. राजारामने गोळी परत गालात टाकली आणि टेकू घट्ट करायला उठला. सह्या झाल्या. कमलने सही केली तेव्हा तिच्या बोटांची रांगोळी कागदाला लागली.

जाता जाता मॅडम कनातीबाहेर थांबल्या आणि समोर बोट दाखवलं. "पण कोपरा तर रुंद करायचाच आहे. अॅम्ब्युलन्स वळली पाहिजे. मग त्या बाजूने घ्यावा लागेल. ती शेड कोणाची?"

मंडळाची पंधरा माणसं निलेशकडे बघायला लागली. पत्र्याच्या शेडवर मंडळाची पाटी होती, आत वीस वर्षांच्या ढाली आणि करंडक. निलेशने हाताची माती पँटला पुसली.

"आमचीच," तो म्हणाला. "लिहा."

"वा रे सेक्रेटरी," मागून कोणीतरी बोललं. "आता मीटिंग काय तुझ्या खोलीत?"

"माझ्या नाही, तुझ्या. तुझी बायको चहा चांगला करते."

दुपारी वॉल्टर जिना चढून कमलच्या खोलीशी आला. दाराशी धापा टाकत उभा राहिला. कमलने पाणी दिलं. ती त्याच्या तोंडाकडे बघू शकत नव्हती.

"वॉल्टरभाऊ, ह्यांना ती अक्षरं वाचता येत नव्हती. माहीत असतं तर..."

"मला माहीत आहे."

"आजोबांचं नाव तुम्ही मला लिहून द्या. मी राजारामला सांगून वर नवीन..."

"नको." त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. "वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आज सकाळी बोट फिरवलं तेव्हा फार वाईट वाटलं. पण त्याने तो खाली ठेवला नसता तर आज तिथे काहीच नसतं. हे दोन्ही खरं आहे. मी दोन्ही घेऊन खाली जाईन. तू त्याला नावाचं काही सांगू नकोस."

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"तो काय विचारणार, कमल." वॉल्टर आत गेला आणि खाटेच्या कडेला बसला. बुधाजी जागा होता. वॉल्टरने त्याचा चालता हात आपल्या हातात घेतला. "दगड मिळाला रे. क्रूस राहिला. इथेच राहिला."

बुधाजीने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. त्याचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. त्याने वॉल्टरचा हात सोडला नाही. दोघे तसेच बसले, कमलने चहा ठेवला, उतू गेला, पुन्हा ठेवला.

राजारामने शनिवारी दोन्ही भोकं बुजवली, चीर भरली. दगड होता तिथेच राहिला, पेव्हरच्या खाली. वॉर्ड ऑफिसचं पत्र जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आलं, चिंतामणींनी ते दोनदा वाचून दाखवलं. मंडळाची शेड मंडळाच्याच पोरांनी उतरवली.

बुधाजी धुरी शुक्रवारी, एकोणीस जानेवारी दोन हजार चोवीसला, सकाळी सव्वासातच्या सुमाराला आपल्या खोलीत वारला.